ओळखीचे दलाल

पारोळ्याच्या बाजारांत कापसाला भाव मिळो न मिळो, एका मालाची विक्री बारा महिने तेजींत असते. तो माल म्हणजे मोठ्या माणसांची ओळख! न पेरतां उगवतो आणि काट्यावर कधीं चढत नाहीं. चहाच्या दुकानांत बसा, कीं एखादा पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ मोबाईल काढून फोटो दाखवूं लागलाच. "हे मंत्री. आणि हा मी." हा मी म्हणजे कोण? लग्नाच्या मांडवांत चाळीस माणसांच्या मागें ज्याचें अर्धें कपाळ दिसतें तो!

नुसते कान किटविणारांना आम्ही सोडून देऊं. किल्ल्याच्या सावलींत बसून कोणी झांशीच्या राणीशीं नातें सांगितलें, तर ती बिचारी १८५८ सालींच गेली. त्याला खोटें पाडायला येत नाहीं. पण हे दलाल ओळख विकतात, आणि ती विकत घेतो आमचा कुणबी, आमचा सुतार.

आमच्या माहितीच्या एका सुताराला पोराच्या कॉलेजासाठीं जातीचा दाखला हवा होता. गृहस्थ म्हणाले, "साहेब आपल्या घरचे. दीड हजार द्या, आठ दिवसांत दाखला हातांत." सुतारानें रंधा ठेवून पैसे मोजले. मग साहेब दौऱ्यावर, साहेब आजारी, साहेबांकडे लग्न! प्रवेशाची मुदत टळून गेली. पुढें कळलें तें असें, कीं अर्ज कचेरींत पोंचलाच नव्हता.

शेतकरी बंधूंनो, दाखला ही कोणाच्या ओळखीची खैरात नव्हे. महाराष्ट्रांत २०१५ सालचा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणतें काम किती दिवसांत व्हावें हें त्यान्वयें ठरलेलें असतें. अर्ज स्वतः द्या, पोंच घ्या. मुदत टळली कीं वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्या पोंचेच्या चिटोऱ्यांत जो जोर आहे, तो मंत्र्यासोबतच्या शंभर फोटोंत नाहीं.

मोठ्यांची गांठ जोतीराव फुल्यांचीहि पडली होती. १८८८ सालीं पुण्यास राणीच्या मुलाचा, ड्यूक ऑफ कनॉटचा सत्कार झाला. जमलेले बडे लोक भरजरी पोषाखांत, आणि जोतीराव शेतकऱ्याच्या वेषांत! त्यांनीं उठून राजपुत्राला सांगितलें कीं खरी रयत ह्या दागिन्यांत नाहीं, ती खेड्यांत पाहा. मोठ्यासमोर उभें राहण्याची संधि त्यांनीं रयतेच्या कामीं लावली. आमचे गृहस्थ तीच संधि रयतेला विकतात.

परवां त्या सुताराची म्हातारी आईच चहाच्या दुकानांत आली. गृहस्थांचा मोबाईल नेहमींप्रमाणें हातोहात फिरत होता. म्हातारीनें फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारलें, "तू त्याले वळखस भो, पन तो तुले वळखस का?"

दुकान हंसलें. गृहस्थांनीं मोबाईल खिशांत घातला. दीड हजार मात्र अजून परत आलेले नाहींत.