कृत्रिम खुबा : नवा माल आणि जुनी खातेवही

लँकाशायर हे नाव कापडाच्या व्यापारातील जुन्या घराण्यांना अपरिचित नाही. तेथील गिरण्यांचे कापड एके काळी मुंबईच्या बंदरात उतरत असे. त्याच लँकाशायरमध्ये, विगन गावाजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात, १९६२ साली एक विक्रेता प्लास्टिकचा नमुना घेऊन आला. त्या प्लास्टिकची दातेरी चाके गिरण्यांच्या मागांना बसवीत असत. अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांनी तो तुकडा हातात घेतला, त्यावर नखाने ओरखडा पडतो हे पाहिले आणि तो निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र चार्नली परदेशी परिषदेस गेलेले असताना तोच तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढविला. यंत्र तीन आठवडे रात्रंदिवस चालले, तरी त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही झाली नाही. आज जगभर खुब्याच्या कृत्रिम सांध्यात जी पॉलिएथिलीनची वाटी बसवितात, तिचा आरंभ असा मागाच्या चाकापासून झाला.

टेफ्लॉनशी तुलना का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. खुब्याचा सांधा म्हणजे कंबरेच्या हाडातील खोलगट वाटी आणि तीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोल. हा गोल झिजला किंवा मोडला की धातूचा गोल व त्याला जोडलेला दांडा मांडीच्या हाडात बसवावयाचा आणि कंबरेत नवी वाटी बसवावयाची, ही चार्नलींची योजना. वाटीसाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉन निवडले, कारण त्याच्याइतका गुळगुळीत पदार्थ दुसरा नव्हता. रुग्ण आनंदाने चालत घरी गेले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेचे कण आसपासच्या मांसात साचले आणि सुमारे ३०० रुग्णांचा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या पुन्हा शस्त्रक्रिया चार्नलींनी स्वतः केल्या. नवे प्लास्टिक हाती आल्यावर त्यांनी दोन्ही पदार्थांचे कण आपल्याच मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिएथिलीनच्या जागी आल्या नाहीत. त्यानंतरही कित्येक वर्षे, राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकल्यावाचून कोणा शल्यविशारदास आपला सांधा विकू नये, असा त्यांचा आग्रह होता. मागणी दाराशी उभी असता माल अडवून धरणे किती कठीण, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको.

चार्नलींच्या रचनेतील आणखी एक निर्णय विचार करण्याजोगा आहे. त्यांनी धातूचा गोल मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलीमीटर व्यासाचा ठेवला. गोल लहान म्हणजे घर्षणाने वाटीला बसणारा पीळ कमी, आणि वाटीची भिंत जाड ठेवण्यास जागा अधिक. पण लहान गोल वाटीतून निखळण्याचा धोका मोठ्यापेक्षा जास्त. गादीवर मांडी घालून बसणारा, वाकून नमस्कार करणारा, जमिनीवरून उठणारा मनुष्य खुबा जितका दुमडतो तितका खुर्चीवर बसणारा दुमडीत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस किरणोत्साराची प्रक्रिया केलेले, रेणूंची परस्पर जोडणी घट्ट झालेले पॉलिएथिलीन आले. त्याची झीज फार कमी असल्यामुळे ३२ वा ३६ मिलीमीटरचे गोल वापरणे शक्य झाले. तरीही खाली बसण्याची मुभा किती, हे वाटी कोणत्या कोनात बसली आणि स्नायू कोणत्या बाजूने उघडले यांवरही अवलंबून असते, आणि ते शल्यविशारदानेच सांगावे.

मात्र रचनेतील बारीकसा फरक काय करू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडच्याच एक्सेटर शहरातले आहे. शल्यविशारद रॉबिन लिंग आणि अभियंते क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये एक दांडा तयार केला. तो खाली निमुळता होत जाणारा आणि आरशासारखा चकचकीत होता. हाडात सिमेंट भरून त्यात तो बसवीत. (हे सिमेंट गोंदासारखे चिकटत नाही. भिंतीतील फटीत गिलावा भरावा तसे ते जागा भरून काढते.) पुढे काही दांडे मोडू लागले, म्हणून १९७६ मध्ये अधिक मजबूत पोलाद वापरण्यात आले. त्याच वेळी चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद, किंचित खरखरीत झाला. त्यात काही विशेष आहे असे तेव्हा कोणास वाटले नाही. खरखरीत पृष्ठभाग सिमेंटला अधिक घट्ट धरील, असेच कोणीही म्हटले असते.

घडले ते उलट. दांडे मोडणे थांबले, पण सैल होऊ लागले, आणि काही रुग्णांत भोवतालचे हाड पोखरले गेले. १९८६ मध्ये पुन्हा चकचकीत दांडा आणल्यावर निकाल सुधारले, आणि कारणही उमगले. चकचकीत निमुळता दांडा पाचरीसारखा वागतो. शरीराचा भार पडला की तो सिमेंटमध्ये अगदी किंचित, मिलीमीटरच्या मापाने, खाली सरकतो आणि अधिक घट्ट बसतो. खरखरीत दांड्याला असे सरकता येत नाही. तो एकदा सुटला की कानशीप्रमाणे सिमेंट घासतो, त्याची भुकटी हाडापर्यंत पोहोचते आणि तिच्याशी झगडणाऱ्या शरीराच्या पेशी हाडच विरघळवू लागतात. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये हे दोन्ही दांडे सारखेच दिसतात. फरक कळण्यास वर्षे जावी लागतात.

घरातील वडीलधाऱ्यांचे ऑपरेशन ठरले की मुले पहिल्याने हेच विचारतात, सर्वांत नवा कोणता आणि सर्वांत भारी कोणता? हेतू चांगला असतो, परंतु दर आणि नवलाई यांवरून या मालाची पारख होत नाही. स्वस्त नक्कलही महाग पडते. चार्नलींच्या नमुन्यावरून १९९१ मध्ये बेतलेला, कमी किमतीचा ‘थ्री एम कॅपिटल’ सांधा लवकर सैल होऊ लागला आणि १९९८ मध्ये ब्रिटनमधील त्याच्या रुग्णांना शोधून तपासण्याची वेळ आली. उलट ‘डीप्यू’ कंपनीचा ‘एएसआर’ सांधा २००३ साली अत्याधुनिक म्हणून आला होता. त्यात धातूच्या वाटीत धातूचाच मोठा गोल होता. पण वाटी उथळ होती, ती थोडी तिरपी बसली तरी भार काठावर येई आणि कोबाल्ट व क्रोमियम झिजून शरीरात उतरत. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेण्यात आला, तोवर सुमारे ९३,००० रुग्णांत बसविला गेला होता. ब्रिटनच्या नोंदींप्रमाणे संपूर्ण सांधा बसविलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांना पाच वर्षांतच पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचा पुढे ठावच लागला नाही.

धोका प्रथम लक्षात आला तो नोंदवह्यांमुळे. स्वीडनने १९७९ पासून, ऑस्ट्रेलियाने १९९९ पासून आणि इंग्लंड-वेल्सने २००३ पासून खुब्याच्या शस्त्रक्रियांचे राष्ट्रीय खाते ठेवले आहे. कोणता सांधा, कोणास, कधी बसविला आणि कधी काढावा लागला, याची त्यात नोंद होते. ब्रिटनमध्ये २००० साली अशी अट घातली गेली की दहा वर्षांत दहा टक्क्यांहून अधिक सांधे बदलावे लागू नयेत. २०१४ मध्ये ती मर्यादा पाच टक्क्यांवर आणली गेली. शल्यविशारदास तीन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. सांध्याचे नेमके नाव काय, परदेशी नोंदवह्यांत त्याचा दहा वर्षांचा निकाल काय, आणि त्यांनी स्वतः तो किती रुग्णांना बसविला आहे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. ठाऊक असलेल्या जुन्या सांध्यावर बसलेला हात अपरिचित नव्यापेक्षा बहुधा अधिक उपयोगी पडतो.

सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात छापील चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनीचे नाव, नमुना, माप आणि लॉट क्रमांक असतो. रुग्णालय त्यांतील एक केसपेपरवर चिकटविते. घरी जाण्यापूर्वी एक संच मागून घ्यावा, तो डिस्चार्ज कार्डावर लावावा आणि त्याची प्रत घरच्या कागदपत्रांत, जमिनीच्या खरेदीखताशेजारी, जपून ठेवावी. एएसआर परत मागविला गेला तेव्हा ज्यांच्याकडे ही पट्टी होती, त्यांना आपल्या खुब्यात कोणता सांधा आहे हे कोणास विचारावे लागले नाही.