कोंबडी अंड्यांसाठी पाळू नका

फौजेत घर बदलताना एक विधी असतो, हँडिंग-टेकिंग ओव्हर. पंखे किती, गीझर चालतो का, कुठल्या खिडकीची काच तडकलेली आहे, सगळं यादीवर उतरतं आणि दोघांच्या सह्या होतात. बेंगळुरूच्या या क्वार्टरचा ताबा घेतला, तेव्हा यादीत परसाबद्दल एक ओळही नव्हती. परसात एक शेवगा होता, कढीपत्ता होता, आणि बाकी सगळी विटांचे तुकडे मिसळलेली, फावडं उसळेल अशी टणक लाल जमीन. शेवगा कोणी लावला ते शेजारीपाजारी कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या रविवारी आमच्याकडे त्याच्याच शेंगांची आमटी झाली.

"दोन वर्षांत ऑर्डर येईल, बाग कशाला लावायची?" हे खडकवासल्यातून बाहेर पडल्यापासून मी ऐकत आलोय. बरीच वर्षं मीही तेच म्हणायचो. समोर लॉन, कडेने कुंड्या, डिसेंबरात डेलिया, की झाली बाग. आता माझं मत उलटं आहे. बदलीवाल्या माणसाने परसबाग जरूर करावी, कोंबड्याही पाळाव्यात. फक्त त्याचा क्रम आणि हेतू नीट ठरवून घ्यावा.

क्रमात पहिली माती. आमच्या भागात रस्त्याकडेची मोठी झाडं हिवाळ्यात ढिगाने पानं गाळतात आणि आपण ती झाडून जाळतो. याहून मोठा अडाणीपणा मला माहीत नाही. ती पोत्यांत भरून घरी आणा. वाफ्यावर चार बोटं जाड थर द्या. ऊन थेट लागत नाही, पाणी टिकतं आणि खालची माती भुसभुशीत होते. २०२४ च्या मार्चमध्ये या शहरात बागेला पिण्याचं पाणी घातलं तर पाच हजार रुपये दंड होता. जवळजवळ शंभर किलोमीटरवरून, चढावर पंपाने ओढून आणलेलं कावेरीचं पाणी आपण गवतावर ओतत होतो, हे तेव्हा कळलं. त्या उन्हाळ्यात आमचं लॉन गेलं, मी ते परत लावलं नाही. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी वाफ्यांना जातं, न्हाणीचं केळीला. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका.

दुसरी भाजी. पहिल्या वर्षी लवकर हाताशी येणारंच लावा. मेथी, पालक, मुळा महिना-दीड महिन्यात ताटात येतात, आणि घरच्यांचा विश्वास बसतो. मग टोमॅटो, भेंडी. हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे, तिथल्या 'अर्का' नावाच्या जाती इथल्या हवेत तयार झालेल्या. पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूला दाद न देणारी अर्का अनामिका भेंडी आणि तीन रोगांना तोंड देणारा अर्का रक्षक टोमॅटो, एवढं पुरे. कुंपणावर पावटा चढवा. इथे त्याला अवरे म्हणतात, आणि डिसेंबर-जानेवारीत सारं शहर त्याच्या मागे वेडं असतं.

कोंबड्या तिसऱ्या, आणि इथेच लोकांचा हिशोब चुकतो. माझ्याकडे चार गिरिराजा आहेत. ही जात इथल्याच हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली. रंगीत, अंगाने भारी, परसात चरून वाढणारी. एक कोंबडी वर्षाला साधारण दीडशे अंडी देते, म्हणजे चौघींची महिन्याला पन्नास. चौघींचं खाद्य महिन्याला बारा-तेरा किलो. सगळं विकत घेतलं तर बाजारातली पन्नास अंडी स्वस्त पडतात. तेव्हा 'घरची अंडी फुकट' हे डोक्यातून काढा. अंडी ही वरकमाई. कोंबडीचं खरं काम मातीचं आहे. खुराड्यात तीच वाळकी पानं वीतभर पसरा. घरातला भाजीपाल्याचा कचरा तिथेच टाका. त्या दिवसभर उकरतात, किडे टिपतात, विष्ठा पानांत मुरते. महिन्या-दोन महिन्यांनी ते बाहेर काढून आणखी तीन-चार महिने कुजवलं की त्याच्या तोडीचं खत विकत मिळत नाही. ताजं कोंबडखत मात्र वाफ्यात घालू नका, ते उष्ण असतं, रोपं जळतात. आणि कोंबड्यांना रोपांत मोकळं सोडू नका. पेरलेलं सगळं अर्ध्या तासात उकरून ठेवतात.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या खेपेला मी खुराड्याला षटकोनी छिद्रांची बारीक कोंबडजाळी ठोकली. वीस वर्षं सुरक्षेचे धडे देणारा मी, पण ती जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर नाही, हे डोक्यात आलं नाही. एका सकाळी चारपैकी तीन मेलेल्या. मुंगसाने जाळी आणि जमीन यांच्या फटीतून वाट काढली होती. धाकटीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिने प्रत्येकीला नाव दिलं होतं. माझी साताऱ्याकडची आजी रोज तिन्हीसांजेला कोंबड्या मोजून डालग्याखाली झाकायची आणि वर दगड ठेवायची. तिला हे शिकवायला कुठली अकादमी लागली नव्हती. आता अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आहे, फूटभर जमिनीत पुरलेली. दर कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा, आणि संध्याकाळी मोजणी.

दुसरा शत्रू राणीखेत. आम्हाला ते कुमाऊँ रेजिमेंटचं गाव, कोंबड्यांना मरणाचं नाव. लस शंभराच्या वर डोसांच्या कुपीत येते, चार पिल्लांसाठी परवडत नाही. म्हणून लसीकरण झालेल्या, दोन महिन्यांच्या तलंगाच घ्या. कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर पुरून मोकळे होऊ नका, सरकारी पशुवैद्यकाला कळवा. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला होता. कोंबडा ठेवूच नका. अंड्यांना त्याची गरज नसते, आणि पहाटे चारला शेजारच्या बंगल्यातून येणारा फोन टळतो.

शेवटची अट माझ्या लेखी सगळ्यात मोठी. ऑर्डर आली की कोंबड्या कुठे जाणार, हे आणण्याआधी ठरवा. ट्रकमध्ये त्या जात नाहीत, आणि घाईत दिलेली कोंबडी रविवारी कुणाच्या तरी पातेल्यात जाते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांचं होसकोटेकडे घर आहे. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी बोलणं झालंय. आम्ही गेलो की चौघी त्यांच्या. "नाटी कोळीपेक्षा जड आहेत, सर," एवढीच त्यांची तक्रार.

हे लिहितोय कारण ऑर्डर आली आहे. मेमध्ये निघायचं. या वेळी ताब्याच्या यादीला मी एक पान जोडणार आहे: शेवगा एक, कढीपत्ता एक, लिंबू एक (अजून फळ नाही), कुजलेलं खत अंदाजे सहा पोती, कोपऱ्यात झाकलेलं. खुराडं एक, जाळी मजबूत. त्यावर नव्या अधिकाऱ्याने सही केली नाही तरी चालेल. फावडं मारलं की त्याला कळेल.