निवडण्याचा हक्क आणि दूर करण्याचा

गांधीबागेच्या कापडबाजारापासून जवळच १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल आज राहिलेली नाही. परंतु आपल्या नावाने बोलणाऱ्या संघटनेवरचा विश्वास उडाला तर कामगाराने काय करावे, हा गिरणीच्या काळातील प्रश्न मात्र तिच्याबरोबर संपलेला नाही.

सभासदत्वाचा राजीनामा देणे सोपे आहे. संघटनेची मान्यता त्यामुळे जात नाही, आणि मान्यताप्राप्त संघटनेचा करार सर्वांनाच बांधतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने पन्नास वा अधिक कामगारांच्या उद्योगात तीस टक्के सभासद सहा महिने टिकविणाऱ्या संघटनेला मान्यता देऊ केली, आणि ती काढून घेण्याचे मार्गही सांगितले. सभासदसंख्या सहा महिने तीस टक्क्यांखाली राहिली, मान्यता लबाडीने मिळविली, किंवा संघटना मालकाच्या हितासाठी चालते असे सिद्ध झाले, तर औद्योगिक न्यायालयाने ती रद्द करावी. दोन वर्षे लोटल्यावर अधिक सभासद असलेली दुसरी संघटनाही तिची जागा मागू शकते.

हा दरवाजा अरुंद असला तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तरीही १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रतिनिधित्व राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिले. कामगार एकीकडे आणि त्यांचा कायदेशीर प्रतिनिधी दुसरीकडे, असा तो विलक्षण देखावा होता. कायद्याने पावत्या मोजल्या. मने मोजली नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय औद्योगिक संबंध संहितेने अनेक संघटना असतील तेथे एकावन्न टक्क्यांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला आहे. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर किमान वीस टक्के पाठिंब्याच्या संघटनांची परिषद बसावी. मान्यतेची मुदत तीन वर्षे, फार तर पाच. मुदत घातली हे योग्यच झाले. पण पाठिंबा गुप्त मतदानानेच मोजला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हजेरीपटावरील प्रत्येकास निर्भयपणे 'नको' म्हणता आले पाहिजे.

मालकवर्गाने मात्र यात आनंद मानू नये. एखादी संघटना पोसणे किंवा पाडणे ही मालकाची अनुचित प्रथाच होय. प्रतिनिधीला दूर करण्याचा हक्क कामगारांचा आहे. तो त्यांनीच वापरावा, आणि त्यांच्याच हितासाठी.