वऱ्हाडची माती ना शेतात, ना समुद्रात

प्रतिनिधी
अमरावती

पावसाळ्यात पूर्णा, मोर्णा आणि वर्धा या नद्या गढूळ होऊन वाहतात. हा गढूळपणा म्हणजे वऱ्हाडच्या शेतांतील मातीच होय. अमरावती जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांत विभागले जाते. पश्चिम भागातील पाणी पूर्णा व तापीमार्गे अरबी समुद्रास मिळते. पूर्व भागातील पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचते. अकोल्याची मोर्णाही पूर्णेलाच मिळते.

या पाण्याबरोबर गेलेल्या मातीचे पुढे काय होते? जड वाळू नदीच्या मुखाशी थांबते, तर बारीक चिखल भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर पसरतो. खंबायतच्या आखातासमोर हा मंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद असल्याने तापी-नर्मदेचा बराच गाळ किनाऱ्याजवळ राहतो. गोदावरीसमोर मात्र तो अरुंद आहे. तेथे चिखल लवकर खंडान्त उतारावर पोहोचतो आणि थरावर थर साचत जातो.

हे थर म्हणजे जमिनीच्या वापराची नोंदवहीच. गोदावरीसमोरील खोल समुद्रात २००६ मध्ये छिद्रण करून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या सुमारे ४ हजार वर्षांत पाऊसमान कमी होत असतानाही गाळ साचण्याचा वेग वाढल्याचे व त्यात दख्खनच्या काळ्या खडकाच्या मातीचा वाटा वाढल्याचे त्यातून दिसले. विरळ झालेले वनाच्छादन आणि नंतर वाढलेली शेती ही त्यामागची कारणे सांगितली जातात. धूप केवळ पावसाच्या प्रमाणावर नव्हे, तर जमिनीवरील आच्छादनावरही अवलंबून असते, हा त्याचा अर्थ.

आता चित्र पालटले आहे. माती शेतातून जातेच, पण ती धरणात अडते. तापी-पूर्णा संगमाखालील हतनूर धरणातील गाळाचा प्रश्न जुना आहे. उकाई व अप्पर वर्धा या धरणांतही गाळ अडतो. दुसरीकडे, गोदावरीतून समुद्रास मिळणारा गाळ १९७० च्या दशकाच्या तुलनेत १९९० च्या दशकात निम्म्याहूनही कमी झाला आणि आंध्रातील त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी खचू लागला. म्हणजे शेतकऱ्याची माती गेली, धरणाची साठवणक्षमता घटली आणि किनाराही उपाशी राहिला.

राज्य शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. हलक्या, मुरमाड जमिनीस हा गाळ निश्चितच उपकारक आहे. आधीच भारी व चिकण असलेल्या जमिनीत मात्र तो माती तपासूनच टाकावयास हवा. तथापि, गाळ उपसणे हा अर्धाच उपाय होय. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी आणि मेळघाटच्या उतारांवरील वनाच्छादन यांकडे दुर्लक्ष झाले, तर उपसलेला गाळ पुढच्याच पावसात पुन्हा धरणाची वाट धरील.