परवडणारं घर कुणाला परवडतं?

रविवारचा पेपर उघडला की आधी चार-पाच गुळगुळीत कागद मांडीवर पडतात. बदलापूर, वांगणी, नेरळ, टिटवाळा... डोंगराचं चित्र, हसणारं चौकोनी कुटुंब, 'स्टेशनपासून पाच मिनिटं' (कशानं, ते लिहिलेलं नसतं), आणि खाली ठळक अक्षरांत तो शब्द: परवडणारं. माझं भांडण या शब्दाशी आहे.

मी बदलापूरला राहतो. हौस म्हणून आलो नाही. लालबागला खोली एक आणि भाऊ दोन, धाकट्याचं लग्न ठरलं, कुणीतरी बाहेर पडायला हवं होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्याहून अधिक घरांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच आहे. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे गाव 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. ही सगळी माणसं काही बारवी धरणाची हवा खायला आलेली नाहीत.

आता जरा हिशोब करू. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. घर ते स्टेशन रिक्षा, मग दीड तासाच्या आसपास लोकल, उतरल्यावर पुन्हा बस नाहीतर पायपीट. दारापासून दारापर्यंत दोन तास, जाऊन-येऊन चार. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर 100 तास. सुट्ट्या-आजारपणात वर्षाचा एक महिना गेला असं समजा, तरी वर्षाचे 1,100. तीस वर्षांच्या नोकरीत 33,000 तास. म्हणजे दिवस-रात्र मोजून जवळजवळ पावणेचार वर्षं! तीही बहुतेक उभ्यानं.

कर्ज देताना बँकेनं माझा पगार विचारला, वय विचारलं, जामीनदार विचारले. घरी किती वाजता पोचता, हे कुणी विचारलं नाही. घराची उरलेली किंमत तिथे आहे आणि ती एकटा मी फेडत नाही. ती माझी मुलगी फेडते. ती पहिलीत असताना सोमवार ते शनिवार तिनं मला फक्त झोपलेलं तरी पाहिलं किंवा बूट घालताना तरी. माझी आईही फेडते. म्हातारपणी तिला पुन्हा शाळेचे डबे भरावे लागले. आणि सर्वांत मोठा हप्ता भरते ती घरातली नोकरी करणारी बाई.

लेडीज डब्यात गवार मोडणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांचे फोटो आपण कितीतरी वेळा पाहिलेत. खाली 'जिद्द', 'तारेवरची कसरत' वगैरे मथळे. मला त्या कौतुकाची चीड येते. ती बाई हौसेनं भाजी निवडत नाही. आठला घरी पोचल्यावर कुकर लावायचा, अभ्यास घ्यायचा, उद्याची कणीक भिजवायची, आणि त्यात भाजी निवडायला वीस मिनिटं उरत नाहीत, म्हणून स्वयंपाकघराचा एक कोपरा तिनं डब्यात आणलाय. सकाळी बसायला मिळावं म्हणून अंबरनाथची माणसं आधी उलटी बदलापूरला येतात आणि त्याच गाडीनं परत जातात. बसायला मिळावं म्हणून माणूस ऑफिसच्या विरुद्ध दिशेला प्रवास करतो! याला जिद्द म्हणायचं, की आपल्या नियोजनाचा पंचनामा?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "कुणी सांगितलं होतं तिकडे जायला?"

सांगतो. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा आग्रह साधा होता: नुसती घरं नेऊ नका, कामंही न्या. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. पुढे घाऊक बाजार तिकडे गेला, पण मंत्रालय जागचं हललं नाही. नरिमन पॉइंट उभा राहिला, मग वांद्रे-कुर्ला संकुल. कचेऱ्या आत वाढत राहिल्या आणि माणसं बाहेर सरकत राहिली.

आत जागा नव्हती, असंही नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. 1991 च्या नियमानुसार पुनर्विकासात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. 2001 मध्ये ती वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती करण्यात आली. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल कायम ठेवला. लालबाग-परळमध्ये आज मान वर करून पाहाल, तर ती जमीन कुठे गेली ते दिसेल. आणि तिथे घाम गाळलेल्या कामगाराला घर कुठे देऊ केलं? शेलू आणि वांगणीला! जुलै 2025 मध्ये गिरणी कामगार आझाद मैदानात जमले, तेव्हा "फुकटात मिळतंय तर घ्यायला काय झालं" असं म्हणणारे मी लोकलमध्येच ऐकले. मुळात ती घरं फुकट नव्हती. आणि सत्तरीच्या माणसाला छातीत दुखलं की वांगणीहून केईएम किती लांब पडतं, हे वांगणीच्याच गाडीत लटकणाऱ्यानं तरी विसरू नये.

मग म्हणतात, गाड्या वाढतील की. वाढतात, पण केव्हा? ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गाला 2008 मध्ये मंजुरी मिळाली आणि तो सुरू झाला 2022 च्या फेब्रुवारीत. मंजुरीच्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर तोवर बारावी होऊन कॉलेजात पोचलं. मध्ये इमारती कुणासाठी थांबल्या नाहीत. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतून माणसं पडली, काहींचा जीव गेला. लगेच आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा. दारं जरूर बसवा. पण दारात उभा असलेला माणूस वारा खायला उभा नसतो, त्याला आत पाऊल ठेवायला जागा नसते. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. इतकी माणसं एखाद्या विमान कंपनीच्या प्रवासात मेली असती, तर दुसऱ्या दिवशी तिचं एक विमान उडालं नसतं. इथे पुढची गाडी चार मिनिटांनी येते आणि आपण तीत चढतो.

2020 चं टाळेबंदीचं वर्ष वाईट होतं. पगार कापले गेले, माणसं गेली. पण त्या वर्षी आमच्या मजल्यावर संध्याकाळी सात वाजता बापमाणसं घरात होती. ज्या कामासाठी आम्ही वीस वर्षं 68 किलोमीटर जात होतो, त्यातलं बरंचसं काम घरातल्या जेवणाच्या टेबलावर होत होतं. सगळ्यांचं नाही, कबूल. नर्सचं नाही, हमालाचं नाही, पोलिसाचं नाही. पण माझं झालं. मग साथ ओसरली आणि साहेबांनी पुन्हा बोलावलं, कारण माणूस समोर दिसायला हवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या घरातून कामावर जायला रोज चार तास लागतात, त्याला परवडणारं म्हणणं बंद करा. सरकारी योजनेत नको आणि जाहिरातीतही नको. किंमत सांगताना चौरस फुटांच्या शेजारी तास लिहा. घरांना परवानगी देताना पाणी-गटार बघता (निदान कागदावर तरी), तसं विचारा की ही माणसं कामाला कुठे जाणार आणि कशानं जाणार. आणि कचेऱ्यांच्या पुढच्या संकुलाचा नारळ फोडताना एकदा तरी कल्याणच्या पलीकडचा नकाशा उघडा.

आमचं घर चांगलं आहे. खिडकीतून पावसाळ्यात डोंगर दिसतो, जाहिरातीत होता तसाच. असं शेजारी सांगतात. मी घरात असतो तेव्हा बहुतेक अंधार झालेला असतो.