शिंगरोबाचं नाणं

पुणे-मुंबई बाईकने अप-डाऊन करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला, पण तो चारचाकीवाल्यांचा. दुचाकीला तिथे नो एंट्री. आपल्या नशिबी जुना हायवे, बोरघाटाची वळणं आणि त्या घाटातला शिंगरोबा.

शिंगरोबाची गोष्ट सांगतात ती अशी. इंग्रजांना घाटातून रेल्वेसाठी वाट सापडेना. शिंगरोबा नावाच्या धनगराने त्यांना आपली मेंढरांची वाट दाखवली. ‘काय बक्षीस हवं?’ असं साहेबाने विचारलं, तर हा म्हणाला, आमचं स्वातंत्र्य परत द्या. साहेबाने गोळी घातली. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावली आणि वाट दाखवणारा घाटाचा देव झाला. आजही ड्रायव्हर लोक देवळासमोरून जाताना नाणं टाकतात.

मी नाही टाकायचो. आई मात्र दर रविवारी निघताना हातावर पाच रुपयांचं नाणं ठेवायची, ‘शिंगरोबाला टाक हं.’ त्या नाण्याचा पुढे खोपोलीत कटिंग व्हायचा. एवढं आमचं लॉजिक पक्कं!

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. रात्रीचे साडेनऊ, घाटात धुकं, वर धो धो पाऊस. का कोण जाणे, देऊळ जवळ आल्यावर वाटलं, आज टाकूयाच. पण नाणं रेनकोटच्या आतल्या खिशात अडकलेलं. म्हणून थांबायला पुढचा ब्रेक दाबला आणि ‘टक्’! केबल तुटली. स्पीड कमी होता, मागच्या ब्रेकवर कशीबशी बाईक देवळापाशी उभी राहिली. पुढे सगळा उतार. हेच दोन वळणं पुढे झालं असतं तर? मला दरदरून घाम फुटला. पावसातसुद्धा.

दहा-पंधरा मिनिटांनी एक भाजीचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरकाका नाणं टाकायला उतरले होते. लोंबणारी केबल बघून म्हणाले, ‘आता खाली उतरवू नका साहेब. देवाने थांबवलंय ना, मग थांबा.’ काका, त्यांचा क्लीनर आणि मी अशी तिघांनी मिळून बाईक वर चढवली, कोथिंबिरीच्या पोत्यांना टेकवून. खोपोलीला उतरल्यावर मी पाकीट काढलं, तर काका हसले. ‘ते शिंगरोबाला द्या.’

बाईक तिथेच ठेवून सकाळच्या लोकलने ऑफिस गाठलं. लेट मार्क लागलाच.

आता खरं सांगतो. केबलच्या तारा सुटल्यात, हे मेकॅनिकने मला महिनाभर आधीच सांगितलं होतं. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू,’ म्हणणारा मीच. मग मला वाचवलं कोणी? देवाने, की नशिबाने? देवाने वाचवलं म्हणावं, तर त्याच घाटात ज्यांना कोणी वाचवलं नाही त्यांचं काय? त्यांच्या आयांनी नाणी दिली नसतील? आणि खुद्द शिंगरोबाला तरी कुठे कोणी वाचवलं?

मला उत्तर सापडलेलं नाही. पण त्या रात्री मला कुणीतरी सांभाळलं, हे मात्र आत कुठेतरी पक्कं बसलंय. ते कोण, हे विचारायला गेलो की डोळ्यांसमोर काकांचा भिजलेला चेहराच येतो.

आता टूलकिटमध्ये स्पेअर केबल असते. देवळापाशी मी बाईक थांबवून नाणं टाकतो. परवा घाटात एक मुलगा पंक्चर झालेल्या बाईकपाशी एकटाच उभा दिसला. पहिल्यांदा पुढे गेलो, मग वळून परत आलो. पुन्हा लेट मार्क.

आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. ती हा कॉलम न चुकता वाचते, म्हणजे आज संध्याकाळी फोन येणारच. बघू, आधी ओरडते की आधी विचारते, ‘नाणं टाकलं होतंस ना?’