किल्ली शिक्षकांकडे हवी



यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग ‘शाळा आणि इंटरनेट’ हा आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी सर्वाधिक खटके कशावरून उडतात, ते आठवून पाहा. पालकसभेतही ‘शाळेत नको ते सगळं बंदच करून टाका’ ही मागणी हमखास होते. त्यामागची भीती खोटी नाही. लहान मुलाच्या पडद्यावर काहीही येऊ द्यावं, असं आम्हीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो, काय बंद करायचं हे ठरवतं कोण?

अमेरिकेला याचा मोठा अनुभव आहे. इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना आणि ग्रंथालयांना फिल्टर बसवणं डिसेंबर २००० मधल्या कायद्याने बंधनकारक झालं. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रंथालयांच्या खटल्यात तो कायदा वैध ठरवला. अडवायची होती ती अश्लील चित्रं. पण फिल्टर मजकूरही अडवतात, आणि पुष्कळदा एका पानासाठी अख्खी साइट. आरोग्यविषयक साइट्सवर त्याचा काय परिणाम होतो, हे कैसर फॅमिली फाउंडेशनच्या २००२ च्या पाहणीने मोजलं. फिल्टर सैल ठेवला, तेव्हा अश्लील साइट्सपैकी ८७ टक्के अडल्या. अगदी घट्ट केला, तेव्हा ९१ टक्के. म्हणजे कमाई चार टक्क्यांची. आरोग्याच्या अडलेल्या साइट्स मात्र १.४ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेल्या. तंत्र तेव्हापासून बदललं आहे, पण ‘जितकं घट्ट तितकं सुरक्षित’ हा हिशेब किती फसवा असू शकतो, ते या आकड्यांतून कळतं.

वयात येणाऱ्या मुलीला पाळीबद्दल, मुलाला स्वतःच्या शरीराबद्दल जे विचारायचं असतं, ते घरात विचारायची सोय बहुधा नसते. शाळेतला पडदाही ‘परवानगी नाही’ म्हणाला, की तो प्रश्न मित्राच्या मोबाइलवर जातो. तिथे फिल्टर नसतो आणि समजावून सांगणारं मोठं माणूसही नसतं.

मराठी समाजाला हा पेच नवा नाही. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. त्याच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे हरले, त्यांना दंड झाला. तरी आक्षेप कोणत्या मजकुरावर आहे, हे सरकारला उघडपणे सांगावं लागलं आणि त्याचा प्रतिवाद करता आला. आज एखाद्या कंपनीच्या यादीत साइट ‘अयोग्य’ सदरात पडली, तर ना आरोपपत्र, ना वकील. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही बहुतेकदा कारण ठाऊक नसतं.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. शाळांनी फिल्टर जरूर लावावा. पण कोणती सदरं बंद आहेत, ते पालकसभेत वाचून दाखवावं. पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांना एकच नियम लावू नये. चुकून अडलेली साइट त्याच तासात उघडून देण्याचा अधिकार वर्गावरच्या शिक्षकाला असावा आणि ‘ही साइट का बंद आहे?’ असं विचारणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहू नये. मुलांना ओळखतो तो शिक्षक. यादी करणाऱ्या कंपनीने त्यांना कधी पाहिलेलंही नसतं.

या विभागात शिक्षकांनी, डॉक्टरांनी आणि खुद्द विद्यार्थ्यांनी लिहिलं आहे. त्यांचं आपसांत सगळं पटत नाही. आम्ही ते पटवायचा प्रयत्नही केलेला नाही. कथा, कविता आणि व्यंगचित्रं नेहमीप्रमाणे आहेतच.  एक विनंती: अंक वाचून झाल्यावर कपाटात ठेवू नका, घरातल्या मुलांनाही वाचू द्या. त्यांनी काही विचारलंच, तर उत्तर द्यायला सुट्टी आहेच.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!

– संपादक